पावणेचार फेऱ्या

नवी मुंबईत धावणारी माणसं दोन प्रकारची. पहिली लोकलसाठी धावणारी आणि दुसरी जानेवारीतल्या एका रविवारी भल्या पहाटेची लोकल पकडून मुंबईत धावायला जाणारी. पहिल्यांना कुणी पदक देत नाही, दुसऱ्यांना ते हमखास मिळतं. या दोन्हींत न बसणारा एक तिसरा प्रकार आहे. तो दुर्मीळ खरा, पण शोधलं तर वाशीपासून खारघरपर्यंत प्रत्येक नोडमध्ये एखादा नमुना सापडतो. आमच्या नेरूळमध्ये त्याला पावणेचार काका म्हणतात.

हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. दारावरच्या पाटीवर खरं नाव आहे, पण सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत ते कधीच येत नसल्यामुळे कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. पंधराशे मीटरची शर्यत म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर बरोबर पावणेचार फेऱ्या, ही गोष्ट काकांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला, वॉचमन, इस्त्रीवाला आणि सिलिंडर आणणारा माणूस धरून, एकदा तरी समजावलेली आहे. सिलिंडरवाल्याला तर सिलिंडर खांद्यावर असतानाच. काकूंना या नावाचं दुसरंच कारण दिसतं. "ह्यांचं सगळंच पावणेचार," त्या म्हणतात. "चौथी पोळी वाढली की तिचा चतकोर ताटात ठेवणार. आणि तीनच वाढल्या तर उठणार नाहीत."

काका सरकारी नोकरीतून निवृत्त. आयुष्यभर जमीन मोजली. साखळी, टेप, दुर्बीण, मोजणीचा नकाशा. त्यामुळे अंतर हा त्यांच्या श्रद्धेचा विषय आहे. अंगाने काटक, पोटऱ्या अजून घट्ट, हाफ पँट कापडाची आणि इस्त्री केलेली. गळ्यात काळ्या नाडीला बांधलेलं, चावीचं स्टॉपवॉच. हल्लीच्या मनगटी घड्याळांवर त्यांचा राग आहे, कारण ती हृदयाचे ठोके सांगतात. "माझं हृदय काय करतंय ते मला आतून कळतं," काका म्हणतात. "घड्याळाला चौकशा कशाला?"

रविवारी पहाटे पामबीच रोडवर गेलात तर काकांच्या मनःस्तापाचं कारण कळेल. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले थवेच्या थवे वाशीकडून बेलापूरकडे आणि बेलापूरकडून वाशीकडे चाललेले असतात. कुणी बँकेत मॅनेजर, कुणी आयटीत, कुणी भूलतज्ज्ञ. मध्येच गाडीची डिकी उघडून केळी आणि लिंबाचं पाणी मांडलेलं. सगळे एकमेकांना किलोमीटरचा पेस विचारतात, गुडघ्याच्या डॉक्टरांचे नंबर देतात, आणि मुख्य म्हणजे धावता धावता अखंड बोलतात. काकांना नेमकं तेच सहन होत नाही. त्यांची व्याख्या सोपी आहे: ज्या वेगात बोलता येतं त्याला चालणं म्हणावं, फार तर फेरफटका. दुसरीकडे शंभर मीटरवाल्यांबद्दलही त्यांना आदर नाही. "शंभर मीटर म्हणजे शिंक," त्यांनी मला एकदा खाडीकडे बघत सांगितलं. "आली, गेली. मॅरेथॉन म्हणजे जुनाट सर्दी. खरा ताप चढतो तो पंधराशेत."

हे ऐकायला समोर मी होतो आणि पलीकडे फ्लेमिंगोंचे फोटो काढायला आलेले चार-पाच जण. त्यांच्यापैकी एकाने "काका, जरा हळू, पक्षी उडतील" असं सांगितलं. पक्षी जागचे हलले नाहीत. काकाच उडाले.

त्यांचं म्हणणं मात्र समजून घेण्यासारखं आहे, आणि ते नीट समजावून देतातही. पंधराशेची सुरुवात शेवटच्या रेषेपासून तीनशे मीटर अलीकडे होते. लेन नसतात. बारा-तेरा जण वक्र रेषेवर खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि पिस्तूल वाजलं की सगळ्यांना एकाच आतल्या कडेला यायचं असतं. म्हणजे पहिले तीनशे मीटर कोपरांचे. नंतरची फेरी अकलेची: पुढे गेलात तर वारा तुम्ही खायचा आणि तुमच्या आडोशाने दुसरे येणार, मागे राहिलात तर मधे अडकणार. तिसरी फेरी कुणालाच नको असते. पाय जड व्हायला लागतात, श्वास पुरत नाही, घंटा अजून वाजलेली नसते आणि टीव्हीवरचा समालोचक बरोबर त्याच वेळी भालाफेक दाखवायला निघून जातो. "आणि शर्यत तिथेच ठरते!" काका ओरडतात. समालोचकावरचा हा राग जुना आहे. काका भावंडांत मधले आहेत, हे मी इथे नुसतं नोंदवून ठेवतो.

काकांच्या स्वतःच्या कारकिर्दीबद्दल थोडक्यात सांगितलेलं बरं. कॉलेजात असताना त्यांनी मातीच्या मैदानावर, फक्कीने आखलेल्या ट्रॅकवर, पंधराशे मीटर 'चार मिनिटं आणि काही सेकंदां'त मारले होते. हे 'काही' दरवर्षी कमी होत चाललं आहे. जिन्सन जॉन्सनने २०१९ साली बर्लिनमध्ये नोंदवलेला ३ मिनिटं ३५.२४ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम आहे. काकांना उदंड आयुष्य मिळो. ते असंच मिळत गेलं, तर कॉलेजातले काका एक दिवस त्यालाही मागे टाकतील.

त्यांच्या दिवाणखान्यात स्वामी समर्थांच्या तसबिरीशेजारी एक काळापांढरा फोटो आहे. केस मागे वळवलेला, बनियनसारखा गंजी घातलेला एक गोरा तरुण धावतो आहे. नवीन पाहुणा हमखास विचारतो, "हे कोण? काकूंचे वडील का?" काकूंनी आता खुलासा करणं सोडलं आहे. एका हळदीकुंकवाला तर त्यांनी "हो" म्हणून विषय मिटवला.

ते आहेत लुइजी बेकाली. मिलानचे. जन्म १९०७. नेरूळमध्ये त्यांचा दुसरा भक्त नाही, त्यामुळे काकांना त्यांची मालकी मिळाली आहे. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये बेकालींनी पंधराशे मीटरचं सुवर्ण जिंकलं, आणि ती शर्यत बघायची असेल तर काकांकडे चहाला जावं. चित्रफीत नाही. काका ती फर्निचरवर दाखवतात.

दिवाण म्हणजे अमेरिकेचा ग्लेन कनिंगहॅम. टीपॉय म्हणजे कॅनडाचा फिल एडवर्ड्स. हे दोघं पुढे, बरेच पुढे, जवळजवळ टीव्हीच्या टेबलापर्यंत. इंग्लंडचा जॉन कॉर्न्स म्हणजे शू-रॅक. त्याला मागून ओढत आणावं लागतं. बेकालींचं काम स्वतः काका करतात आणि सुरुवातीला स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात. शेवटची घंटा वाजते (पूजेची). सगळ्यांना वाटतं, सुवर्ण दिवाण नाहीतर टीपॉय घेणार. बेकाली घाई करत नाहीत. ते फ्रिजपाशी येतात, वळण घेतात, शेवटच्या शंभर मीटरला दिवाण दमतो, टीपॉय डगमगतो, आणि काका दोघांच्या बाजूने सपकन बाल्कनीत! वेळ ३ मिनिटं ५१.२ सेकंद. ऑलिंपिक विक्रम. मागून शू-रॅक येऊन दुसरा, टीपॉय तिसरा. दिवाण चौथा, त्याला काही नाही. चहा सांडलेला असतो. काकू फडकं घेऊन दारातच उभ्या असतात, कारण वेळ त्यांनाही पाठ आहे.

पुढच्याच वर्षी, १९३३ साली, बेकालींनी जागतिक विक्रम आधी गाठला आणि मग ३ मिनिटं ४९.० सेकंदांवर आणला. १९३४ साली पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा तुरिनला झाली, तीही जिंकली. हे काका फर्निचर जागेवर लावता लावता सांगतात. १९३६ च्या बर्लिनची गोष्ट मात्र ते तुम्हाला निरोप देताना, दारात, चपला घालता घालता उरकतात, कारण तिथे न्यूझीलंडचा जॅक लव्हलॉक पहिला आला, कनिंगहॅम दुसरा, आणि बेकाली तिसरे. दिवाणाने सूड घेतला म्हणायचा.

लॉस एंजेलिसच्या विजयमंचावर बेकालींनी हात वर करून मुसोलिनीच्या पद्धतीचा सलाम केला होता. तो फोटोही काकांकडे होता; तो कपाटात गेला. "माणूस धावत असताना बघावा," काका म्हणाले, "थांबल्यावर काय करतो ते माझ्या खात्यात येत नाही." पुढे बेकाली अमेरिकेत गेले आणि वाइनच्या व्यापारात पडले. काकूंसमोर काका हा 'द्राक्षांचा व्यापार' म्हणून सांगतात. नाशिकच्या जावयांना त्यामुळे या इटालियनाबद्दल एकदम जवळीक वाटू लागली आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय काका सोडत नाहीत. १९८४ साली ऑलिंपिक पुन्हा लॉस एंजेलिसला आलं, तेच कोलिझियम स्टेडियम, आणि महिलांच्या पंधराशेचं सुवर्ण कुणाला? इटलीच्या गॅब्रिएला दोरिओला. १९९८ साली मोरोक्कोच्या हिशाम अल गुरूजने ३ मिनिटं २६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, तो कुठे? रोममध्ये. आता २०२८ ला ऑलिंपिक परत लॉस एंजेलिसला. काका बोटं मोजतात आणि अर्थपूर्ण नजरेने बघतात. यातून काय निष्पन्न होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण त्यांची नजर पाहिली की आपलंही तिकडच्या कुणाशी तरी नातं असावं असं वाटायला लागतं.

काका परदेशी देवांवर थांबलेत असं मात्र नाही. १९७६ च्या माँट्रियलमध्ये आठशे मीटरच्या अंतिम फेरीत श्रीराम सिंग पहिल्या फेरीला सगळ्या जगाच्या पुढे होते. शेवटी सातवे आले, पण वेळ १ मिनिट ४५.७७, आणि हा भारतीय विक्रम २०१८ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षं, कुणाला मोडता आला नाही. काकांच्या मते या देशाने ४२ वर्षांचं मौन पाळलं. आणि ललिता बाबर! तिच्या नावाला ते उठून उभे राहतात. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची, दुष्काळी भागातली मुलगी. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती लागोपाठ पहिली आली, आणि मग मॅरेथॉन बाजूला ठेवून तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय नाव दिसलं ते १९८४ च्या पी. टी. उषांनंतर तेव्हाच. काकांना यातल्या मॅरेथॉन सोडण्याच्या भागाचं कौतुक जास्त. पामबीचवरच्या टी-शर्टवाल्यांना थांबवून ते हे उदाहरण देतात. "सुधारता येतं," असं म्हणतात. लोक त्यांना केळं देतात.

आणि अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातलं आष्टी तालुक्यातलं मांडवा. आईवडील वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटरवर, रस्त्याला वाहन नाही. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचेनचा बर्फ, राजस्थानची वाळू, आणि मग कुठे ट्रॅक. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात स्टीपलचेसला त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. पुढचा केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५. फरक पाच शतांश सेकंद. त्या दिवशी काकांनी केलेला आरडाओरडा ऐकून वॉचमन वर आला होता. त्याला वाटलं लिफ्ट अडकली. काकांच्या स्टॉपवॉचचा काटा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याखाली काही दाखवत नाही, त्यामुळे काकांच्या अधिकृत नोंदीप्रमाणे साबळे आणि किबिवोट बरोबरच आले आणि सुवर्ण विभागून मिळालं. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तसंच लागलं होतं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत साबळेने ८:१९.५० मध्ये निर्विवाद सुवर्ण घेतलं तेव्हा दुरुस्तीची गरज उरली नाही.

आता काका स्वतः धावतात कुठे? आमच्या सेक्टरमध्येच. सिडकोने शहर आखलं तेव्हा शाळा, बाजार, स्टेशन, होल्डिंग पाँड सगळं आखलं. काकांची चारशे मीटरची फेरी तेवढी राहिली. ती त्यांनी स्वतः आखली. दूध केंद्रापासून सुरुवात, मेडिकलला वळण, बागेच्या कुंपणालगत सरळ पट्टा, गणपतीच्या देवळामागून परत दूध केंद्र. टेप लावून मोजली तर ३९८ मीटर भरली. उरलेल्या दोन मीटरसाठी काकांनी मेडिकलवाल्याला फळी आत घ्यायची विनंती केली. तो घेईना, तेव्हा त्यांनी वळणाला दूध केंद्राच्या क्रेट्सना वळसा घालायला सुरुवात केली आणि हिशेब जुळला. पुढे रस्ता खणला गेला, फुटपाथ सरकला, आणि फेरी ४०३ मीटरची झाली. माणसं धुळीची तक्रार करत होती. काकांनी वहीत तांबड्या शाईने लिहिलं: 'आजपासून मागील सर्व विक्रम स्थगित.'

ज्येष्ठांच्या स्पर्धेत ते एकदा राज्य पातळीवर पंधराशेला तिसरे आले. त्या वयोगटात किती जण होते हे विचारायचं नाही, असा आमच्यात अलिखित नियम आहे. काकू तो पाळत नाहीत.

इथवर काका हा आपला निरुपद्रवी छंद होता. खरा पेच आला तो पोलीस भरतीच्या मुलांमुळे.

पहाट झाली की आमच्या रस्त्यावर ही मुलं येतात. कोपरखैरणे, घणसोलीतल्या माथाडी कामगारांची मुलं, साताऱ्या-सांगलीकडची. पनवेल-उरणच्या गावांतली काही. रात्री बाराला शेवटचं पार्सल पोचवून पहाटे पाचला बूट बांधणारी काही. टी-शर्ट एकसारखे नाहीत, केळी नाहीत, आणि मुख्य म्हणजे धावताना कुणी बोलत नाही. काकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दुधाची पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. इतकी वर्षं ज्या जमातीला हाका मारत होते ती आपोआप दारात आली होती. महाराष्ट्रात मध्यम पल्ला कुणी धावत असेल तर हीच मुलं, कारण शारीरिक चाचणीचे पन्नास गुण, त्यात लांबच्या धावण्याला सगळ्यात जास्त, वीस. शंभर मीटर आणि गोळाफेक त्यामागून. या वीस गुणांवर घरादाराचं गणित असतं. काकांनी दुसऱ्याच दिवशी शिटी विकत आणली.

पेच असा की मुलींना धावायचे असतात आठशे मीटर, दोन फेऱ्या, शुद्ध ऑलिंपिक अंतर. पण मुलांना धावायचे असतात सोळाशे.

"सोळाशे?" काका म्हणाले. "ही शर्यतच नाही. मैल म्हणावा तर नऊ मीटर कमी, पंधराशे म्हणावेत तर शंभर जास्त. हे मोजलं कुणी?"

"जीआरमध्ये आहे सर," एक मुलगा म्हणाला.

सरकारी नोकरीत उभी हयात गेलेल्या माणसापुढे जीआरचं नाव काढल्यावर बोलणंच खुंटलं. पण काकांनी तोड काढली. मुलं चार पूर्ण फेऱ्या मारतात. काका पंधराशेची खूण केलेल्या खांबापाशी उभे राहतात, तिथे घड्याळ दाबतात, वहीत वेळ लिहितात आणि पाठ फिरवतात. उरलेलं अंतर मुलं आपापली पळतात, आपापल्या मोबाइलवर मोजतात. त्याला ती 'सरकारी शंभर' म्हणतात. तिसऱ्या फेरीला काका खांब सोडून बागेच्या कुंपणाशी जातात आणि तिथे मुलांबरोबर वीसेक पावलं धावतात, ओरडतात, कारण त्या फेरीत कुणीतरी बघत असायला हवं. माण तालुक्यातली एक मुलगी आहे, तिला मोही माहीत आहे. तिला काकांनी घरी नेऊन बेकालींची पूर्ण शर्यत दाखवली. शर्यत संपल्यावर ती म्हणाली, "ते सगळं ठीक, पण दिवाण पहिल्या फेरीला फार जोरात गेला." काका त्या दिवशी पूर्ण चार पोळ्या जेवले.

दरम्यान त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र पाठवलं. विषय: भरतीतील धावण्याचे अंतर १६०० मीटरवरून १५०० मीटर करणेबाबत. सोबत जोडपत्र: १५०० मीटर हे अंतर १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून प्रचलित असून त्याबाबत जगात कोठेही तक्रार नाही. प्रति उमेदवार शंभर मीटर वाचल्यास एकूण राज्याचे किती किलोमीटर वाचतील याचा तक्ताही होता. पत्र गेलं, मग स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन. काकांना उशिराचं काही वाटत नाही. फाइल तिसऱ्या टेबलावर अडकते हे त्यांना नोकरीपासून ठाऊक आहे.

गेल्या भरतीत आमच्या रस्त्यावरचा एक मुलगा लागला. वीसपैकी वीस. पेढ्यांचा पुडा घेऊन तो सकाळीच आला, बुटांसकट वाकला, काकांच्या पाया पडला. काकांनी त्याला उठवलं, पेढा हातात तसाच ठेवला आणि खिशातून वही काढली.

"पंधराशेला किती लागले?"

"ते तिथे मोजत नाहीत, सर."

"मोजत नाहीत? मग माणसं घेतात कशावर?"